कोठीच्या पत्र्याचं कृष्णविवर

तिसगाव, ता. ४ फेब्रुवारी २०२५

सौ. मुक्तास,

मी स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तू अशा: आपल्या घराचे तिन्ही दरवाजे आणि सगळ्या खिडक्यांच्या जाळ्या. वर्कशॉपचं शटर, वरच्या दांड्यासकट. शेतातल्या विहिरीचा लोखंडी जिना, त्याची एकही पायरी हलत नाही. बाजारतळावरच्या रसवंतीचा चरक. तो मी कंपनीचा बघून केला आणि कंपनीच्या चरकापेक्षा माझ्या चरकातून चिपाड कोरडं निघतं. तुझ्या आईची मागेपुढे होणारी खुर्ची. शेजारच्या दगडाबाईंच्या म्हशीसाठी चारा कापायचं यंत्र. आपल्या लग्नानंतर दुसऱ्या वर्षी केलेली ज्वारीची कोठी, वीस गेजचा पत्रा, पाच फूट उंच. आणि आता हे.

यातलं काहीही मी कुणाच्या हाताखाली शिकलो नाही. आयटीआयचं फाटक मी पाहिलं ते बसवायला गेलो तेव्हा.

हे आधी लिहायचं कारण, तू बन्सीजवळ म्हणालीस, 'त्यो मानूस रिकामा झालाय.' तुझा भाऊ सगळं जसंच्या तसं सांगतो, हा त्याचा गुण आहे. रिकामा माणूस एवढं करत नाही, एवढंच नोंदवून पुढे जातो.

त्यानंतर फोन तू हातात घेतलास आणि जे बोललीस, तेही मी जसंच्या तसं लिहून ठेवलं: 'फोनवर तुमी मला बोलू देत न्हाई. लिव्हून पाठवा. माझी कोठी कापून तिचं काय केलंय ते मला समजंल असं लिव्हा. एक अक्षर खोटं नको. समजलं तर पाडव्याला येते. न्हाई समजलं तर हितं पुणतांब्यात बरी हाय मी.'

मान्य. पत्र पोस्टाने टाकतो आहे. फोटो काढून पाठवला तर आकृतीवरची मापं वाचता येत नाहीत.

कोठीबद्दल एवढंच की मला वीस गेजचाच पत्रा पाहिजे होता आणि नगरला वीस दाखवून बावीस देतात. ज्वारी पोत्यांत भरून, कडुनिंबाचा पाला घालून, माजघरात फळीवर ठेवली आहे. उंदीर लागलेला नाही. एक लागला होता, तो धरला.

आता मुद्द्याचं. काही वर्षांपूर्वी मोबाईलवर एक फोटो आला होता, मी तुला दाखवला होता. तू भाकरी थापत होतीस आणि म्हणालीस, 'हे काय, मेदूवडा?' नारिंगी कडं आणि मधे काळं. मला मात्र लहानपणीची गोष्ट आठवली. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव बसवताना ती गोवऱ्यांच्या जाळात लाल करत. धाव लाल, आणि मधे काहीच नाही. पण त्या फोटोत मधे 'काहीच नाही' नव्हतं, तिथे फार काही होतं. त्याला कृष्णविवर म्हणतात.

दगड वर फेकला की खाली येतो. जोरात फेकला तर उशिरा येतो. सेकंदाला सव्वाअकरा किलोमीटर वेगाने फेकला तर पृथ्वीवर परत येतच नाही, सुटतो. आता समज, ही सगळी पृथ्वी, तिसगाव, पुणतांबा, समुद्र, डोंगर धरून, दाबत दाबत लहान केली. वजन तेवढंच, आकार कमी. जितकी लहान, तितकं तिच्या अंगावरून सुटायला जास्त वेग. दाबत दाबत अठरा मिलीमीटरची गोळी झाली, म्हणजे मोठ्या बोराएवढी, की तिथून सुटायला उजेडाचा वेगही पुरत नाही. उजेडाहून वेगवान काही नाही. म्हणजे तिथून काहीच सुटत नाही. उजेड येत नाही म्हणून ते काळं.

पृथ्वीला असं कुणी दाबू शकत नाही, काळजी नको. सूर्यापेक्षा वीस-पंचवीस पट वजनाचा तारा मात्र जळण संपलं की स्वतःच्याच वजनाने आत बसतो. विहिरीचं कडं ढासळतं तसं, पण सगळ्या बाजूंनी एकदम.

आणि आपल्या कोठीचं मी केलं आहे ते त्याच्या भोवतालचं रूप. लाउडस्पीकरचा भोंगा तोंड वर करून ठेवावा तसा आकार, वर चार फूट व्यास, खाली निमुळता. पाकळ्या कापून गॅस वेल्डिंगने जोडल्या, घासल्या, वरून गाडीच्या पत्र्याला भरतात ती लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, काळा रंग दिला. कडेने बेअरिंगची गोळी सोडली की ती गरगरत फिरते, जवळ येते तशी वेग घेते आणि मधे पडते. बघत राहावंसं वाटतं.

काय समजलं नाही ते कळव.

बजरंग


ता. १४ फेब्रुवारी २०२५

सौ. मुक्तास,

तू पाठपोट लिहिलेल्या वहीच्या कागदाचा फोटो बन्सीने पाठवला. अक्षर सुवाच्य आहे. तुझा प्रश्न: 'मोटर पानी वढती तसं त्ये वढून घेतं का? मंग आपली पृथ्वी कवा जायाची त्यात?'

हीच चूक सगळे करतात. शिकलेलेसुद्धा. कृष्णविवर शोषत नाही. मोटर नाही ती. त्याला वजन आहे, आणि वजनाला जेवढी ओढ असते तेवढीच त्याची ओढ. सूर्य काढला आणि तिथे सूर्याच्याच वजनाचं कृष्णविवर ठेवलं, जे जेमतेम सहा किलोमीटरचं भरेल, तर पृथ्वी आत जाणार नाही. आत्ता फिरते त्याच वाटेने फिरत राहील. वर्ष तेवढंच. अमावास्या, पौर्णिमा... नाही, पौर्णिमा नाही. चंद्राला उजेड कुठून मिळणार? हे लिहिता लिहिता लक्षात आलं. रोज अमावास्याच.

तुझ्या आईने खालच्या ओळीत विचारलं आहे, 'जावईबापू, मंग ज्वारी कशी पिकायची?' झुंबरबाईंना सांग, नाही पिकणार. गारठ्याने सगळं मरेल. पण पडून मरणार नाही, हा फरक आहे.

आपल्या आकाशगंगेच्या मधोमध, धनू राशीच्या दिशेला, एक कृष्णविवर आहे. चाळीस लाख सूर्यांचं वजन. त्याच्याभोवती तारे फिरतात. एक तर सुमारे सोळा वर्षांत एक फेरी करतो, जवळून जाताना भयंकर वेग घेतो आणि परत लांब जातो. लोकांनी मोजलं आहे. तो पडला नाही. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा हातातला चहा निवला. एवढा राक्षस शेजारी, आणि तो तारा नेमाने येतो, वळसा घालतो, जातो.

काल दगडाबाई ताकाचं भांडं परत द्यायला आल्या होत्या. यंत्र बघून उभ्या राहिल्या.

"बजरंगा, लई झ्याक फिरतंय रं. पन पडलेली गोळी कुठं निघती?"

"खाली डबा ठेवलाय, त्यात."

"मंग ह्यात आन् पिठाच्या गिरणीत काय फरक?"

मी समजावून सांगायला लागलो. त्यांनी माझं बरंच ऐकलं. मग जाताना म्हणाल्या, "मुक्ताला कळवलंस का, तिच्या कोठीतनं आता ज्वारीच्या जागी गोळ्या पडत्यात?" आणि हसत हसत फाटकापर्यंत गेल्या. तू लिहिलेलं नसेल तर हे त्यांना कुठून कळलं की तू कोठीवरून गेलीस?

असो. प्रश्न चांगला होता तुझा. आणखी असतील तर पाठव.

बजरंग


ता. २४ फेब्रुवारी २०२५

सौ. मुक्तास,

उत्तराला उशीर झाला. काही दिवस वर्कशॉप बंद ठेवलं होतं. बन्सीला वाटलं मी रागावलो आहे, कारण मी त्याचा फोन घेतला नाही. मी वाचत होतो.

तुझा प्रश्न मी यंत्राच्या वर भिंतीला चिकटवला आहे: 'तुमच्या गोळीला पत्रा घासतो, म्हनून ती दमती आन् पडती. तिथं पत्रा न्हाई. मंग तिथलं का पडतं? पडत नसंल तर त्ये लाल कडं कशाचं?'

मुक्ता, मी हे यंत्र करताना असा विचार केलाच नव्हता. म्हणजे घर्षण मला माहीत होतं, घर्षण कमी व्हावं म्हणून तर मी झिरोच्या पॉलिश पेपरने घासलं. पण माझी गोळी ज्या कारणाने पडते ते कारण आकाशात नसेल, तर मी चार फुटांची खोटी गोष्ट बांधली असं होतं. तुला न सांगता बन्सीने हे तिथल्या गावच्या पाटलाला विचारलं म्हणे, आणि पाटील म्हणाला, 'तुमच्या भावजींचं यंत्र चुकलं.' पाटलाने काय बांधलं आहे आजवर?

यंत्र चुकलेलं नाही. ऐक.

एकटा तारा फिरत राहतो हे खरं. पण कृष्णविवराजवळ कधी कधी नुसता वायू आणि धूळ येते, कुठल्या तरी ताऱ्याच्या अंगावरून निघालेली. ती सगळी एकाच वेळी पडत नाही, कारण सरळ येत नाही, तिरकी येते. मग ती सपाट ताटासारखी भोवती फिरायला लागते. आता खळ्यातली मळणी आठव, मधल्या खांबाभोवती बैलांची पात. आतला बैल, बाहेरचा बैल, सगळे एका दावणीला. मी तुला आधी लिहिणार होतो की हे तसंच आहे. तसं नाही. खळ्यात आतला बैल सावकाश चालतो आणि बाहेरच्याला पळावं लागतं. इथे उलटं. आतलं पदार्थाचं कडं सुसाट, त्याच्या बाहेरचं जरा हळू, त्याच्या बाहेरचं आणखी हळू. आणि ती कडी एकमेकांना चिकटून. म्हणजे काय होणार? घासणार.

पत्रा नाही, मुक्ता. वायूलाच वायू घासतो.

घासून तापतो. आतल्याचा वेग बाहेरच्याला जातो, आतलं दमतं, थोडं खाली सरकतं, तिथे आणखी जोरात फिरतं, आणखी तापतं. हात एकमेकांवर चोळले तर गरम होतात. तिथे लाखो, कधी कोट्यवधी अंश तापतं. त्याचा उजेड म्हणजे ते कडं. जे आत गेलं त्याचा उजेड येत नाही, जायच्या आधी तापलं त्याचा येतो. आपण कृष्णविवर बघत नाही, त्याच्या दाराशी चाललेली झटापट बघतो.

आणि सगळं आत जातंही नाही. काही पदार्थ वर आणि खाली, ताटाला काटकोनात, दोन धारांनी बाहेर फेकला जातो, उजेडाच्या जवळपास वेगाने. का, हे पूर्ण कळलेलं नाही म्हणतात, लोहचुंबकाच्या शक्तीचा काही भाग आहे. खाणाऱ्याच्या ताटातून इतकं सांडतं.

तेव्हा माझ्या यंत्रातला पत्रा म्हणजे शेजारचं कडं, असं धरायचं. हे मी खडूने बाजूला लिहून ठेवलं आहे.

थोड्या सुधारणाही केल्या. तळाचं तोंड एकोणीस मिलीमीटरचं होतं, ते बत्तीस केलं. वरच्या काठावर एक फट कापली, अठ्ठावीस मिलीमीटर लांब, दोन मिलीमीटर रुंद, काठाशी तिरकी, म्हणजे सुरुवातीचा वेग दर वेळी तोच मिळतो. गोळ्या जुन्याच, बारा मिलीमीटरच्या. आकृती जोडली आहे.

बजरंग


ता. ४ मार्च २०२५

सौ. मुक्तास,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि मग वर्कशॉपच्या दारात उभं राहून मोठ्याने वाचलं. रस्त्याने जाणारा थांबून विचारायला लागला, कुणाचं काही बरंवाईट झालं का.

तू लिहिलंस: 'आमी ल्हान हुतो तवा पूर आला की बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला मासं बघायला जायचो. मासं वरच्या दिशेला पवत्यात, पानी खाली वढतं. लांब आसतील तर जाग्यावं ऱ्हात्यात, पुढंबी जात्यात. बंधाऱ्याजवळ पानी जोरात. तिथं मासा पवतोच, त्वांड वरच्या अंगालाच, पन जातो माघारी. एक जागा आसती, तिच्या पल्याड गेला की कितीबी पवला तरी गेला. मासा तोच, पवनं तेच. त्येला कळतबी न्हाई कुठनं पल्याड गेला. तुमचं त्ये असंच हाय का?'

असंच आहे. अगदी असंच आहे. ज्यांनी यावर आयुष्यं घातली त्यांतल्या काहींनी हीच नदी वापरली आहे, हे मला नंतर शोधल्यावर सापडलं. तिथे पाण्याऐवजी जागाच आत वाहते असं समजायचं, आणि मासा म्हणजे उजेड. जिथे जागेचा वेग उजेडाएवढा होतो ती सीमा. तिच्यावर पाटी नाही, भिंत नाही. ओलांडणाऱ्याला काही जाणवत नाही.

आता तुझा मासा घेऊन मी पुढे जातो. समज, तो मासा दर श्वासाला एक बुडबुडा वरच्या अंगाला सोडतो आणि तू काठावर उभी राहून बुडबुडे मोजते आहेस. बुडबुडाही पाण्याशी झगडत वर येणार. मासा सीमेजवळ जाईल तसे बुडबुडे तुझ्याकडे उशिरा उशिरा येतील. शेवटचा तर येतच नाही. तुला वाटणार मासा तिथेच थबकला. मासा केव्हाच गेलेला. कृष्णविवरात पडणारी वस्तू लांबून बघणाऱ्याला अशीच दिसते. सावकाश होते, लाल होते, फिकी होते, काठावर गोठल्यासारखी राहते. तिच्या स्वतःच्या घड्याळात मात्र सगळं नेहमीसारखं. म्हणजे खरं घड्याळ कोणाचं? दोन्ही खरी. यावर मी फार विचार केला आणि अजून करतो आहे. तुझ्या-माझ्या घड्याळात इतका फरक पडायला कृष्णविवर लागतं असंही नाही. थोडा फरक सगळीकडेच असतो. डोंगरावरचं घड्याळ खालच्यापेक्षा किंचित पुढे जातं. मोजलेलं आहे.

झुंबरबाईंनी विचारलं होतं, मानूस पडला तर दुखंल का. कोणत्या कृष्णविवरात पडतो त्यावर आहे. लहान असेल तर पायांना ओढ डोक्यापेक्षा खूपच जास्त, म्हणून तो उभा ताणला जातो आणि आडवा आवळला जातो. त्या पाटावर हाताने शेवई ओढतात ना, एक गोळा लांब लांब आणि बारीक बारीक, तसा. मोठं असेल, आपल्या आकाशगंगेच्या मधलं, तर सीमा ओलांडताना काहीच वाटणार नाही. ताण आत गेल्यावर. मोठं ते आधी सौम्य असतं. हे मला उलटं वाटलं होतं. मी दोनदा हिशेब मांडला, पण आलं तसंच.

नवीन कोठी तयार आहे. वीस गेज. झाकणाला दोन कड्या घातल्या, आधी एक होती, ती एका बाजूने उघडायची तुला त्रास व्हायचा. ज्वारी अजून पोत्यांतच आहे. तू भरशील म्हणून ठेवली.

'समजतंय,' असं तू शेवटी लिहिलंस. 'पाडव्याचं बघते' असंही. मी फाटकाला ग्रीस लावलं आहे.

बजरंग


ता. १० मार्च २०२५

सौ. मुक्तास,

शनिवारी बाहेरगावी होतो, म्हणून उशीर.

तू विचारलंस, 'गोळी बारा मिलीमीटरची, फट दोनची. मंग गोळी फटीतनं जाती कशी? आईच्या बटव्यातलं दहाचं नानं काढून बन्सीच्या पट्टीनं मोजलं. सत्तावीस भरलं. तुमची फट अठ्ठावीसची.'

ती फट एक तांत्रिक बाब आहे. सविस्तर भेटीत सांगेन.

इकडे ऊन वाढलं आहे. ज्वारी काढायला आली. तुझ्या आईच्या खुर्चीचा डावा बोल्ट सैल होतो म्हणालीस, तिथे स्प्रिंग वॉशर घालायला बन्सीला सांग, साधा नको.

बजरंग


ता. १६ मार्च २०२५

मुक्ता,

तुझा कागद आला. चार ओळी आहेत. समोर ठेवूनच लिहितो आहे.

'तांत्रिक बाब म्हंजे काय? खोटं लिव्हनार न्हाई म्हनला हुता. नानं कोन टाकनार हाय त्यात? कोन घ्यायला आलाय, किती देतोय? पत्रा माझ्या कोठीचा, म्हंजे यंत्र अर्धं माझं. आकडा लिव्हा, न्हाईतर पाडव्याची वाट बघू नका. आन् त्याच्या आत काय हाय, ते तुमी अजून सांगितलंच न्हाई.'

क्रमाने लिहितो.

फेब्रुवारीच्या मध्यावर अजिनाथशेठ आला होता. तुला तो माहीत नाही. शिंगणापूरच्या वाटेवर त्याचं गाड्या लावायचं मैदान आणि तेल-नारळाचं दुकान आहे. तिकडे घरांना दारं नसतात, त्यामुळे माझ्या धंद्याचं तिकडे कधी काही जमलं नाही, म्हणून ओळख नव्हती. पाथर्डीला जाताना रस्त्यावरून त्याला यंत्र दिसलं. आत आला, खिशातून दहाचं नाणं काढलं आणि काठावरून उभं सोडलं. मी गोळ्यांचाच विचार केला होता. नाणं कलून उभं फिरलं, बराच वेळ, शेवटी इतकं जोरात की नुसता आवाज राहिला. त्याच्या ड्रायव्हरने हात जोडले.

शेठ म्हणाला, "बजरंगराव, लोक ह्यात नानं सोडतील. साडेसाती फिरत फिरत खाली जाईल. डोळ्यानं दिसंल त्यांना. शनी अमावास्येच्या आत मला पायजे."

मी नाही म्हटलं नाही. मी म्हटलं, नाणं हाताने सोडलं तर वाकडं जाईल, त्याला फट पाहिजे. आणि फट कापली. मापं तुला मीच लिहून पाठवली. आपण काय लिहितो आहे ते माझ्या ध्यानात आलं नाही, मापं बरोबर होती म्हणून लिहिली.

आठ तारखेच्या शनिवारी टेम्पोत घालून यंत्र त्याच्याकडे नेलं, एका दिवसापुरतं, लोक काय करतात बघायला. मी देवळात जाऊन तेल वाहून आलो. ते मी दर वर्षी करतो, त्याचा याच्याशी संबंध नाही. मग यंत्राजवळ उभा राहिलो.

रांग लागली. शेठचं खरं होतं. लोक नाणं सोडत, डोळे मिटत, पडल्याचा आवाज आला की पुढे सरकत. करमाळ्याकडची एक बाई आली. तिने नाणं सोडलं आणि डोळे मिटले नाहीत. शेवटपर्यंत बघत राहिली.

"गेली का वो माझी पीडा?" मला विचारलं.

"पीडेचं मला माहीत नाही, बाई. नाणं गेलं. पत्र्याला घासून त्याचा वेग कमी झाला म्हणून गेलं."

"मंग घासलंच न्हाई तर?"

"तर फिरत राहील."

"पडायचंच न्हाई?"

"वर्षानुवर्षं पडायचं नाही."

तिने जरा विचार केला. मग दुसरं नाणं काढलं आणि मागे हाक मारली, "अवो, हिकडं या. ह्यो मानूस काय सांगतोय ते ऐका." नवरा आला, त्याच्यामागचे दोघं आले. मी सूर्याच्या जागी कृष्णविवर ठेवून दाखवलं. मग तुझा बंधारा सांगितला. तुझा म्हणून सांगितला, 'माझ्या मालकिणीने सांगितलं' असं. एक म्हातारा म्हणाला, "व्हय, मासं तसंच जात्यात." त्याला पुढचं ऐकायचं होतं.

शेठ आला. "बजरंगराव, तुमी बोलू नका ना. तुमी बोलला की लाईन थांबती. ती बाई एक नानं टाकून अर्धा तास हुबी हाय."

"दोन टाकली," मी म्हणालो.

"तुमाला काय सांगायचंय ते घरी सांगा. हितं फकस्त काळा सदरा घालून हुबं ऱ्हावा. कुनी इचारलं तर वर बोट दावायचं. बास."

संध्याकाळी त्याने आकडा सांगितला. मी म्हटलं, घरात विचारून सांगतो. तो म्हणाला, "घरात हाय कोन?" ड्रायव्हर हसला. तिसगावची गोष्ट शिंगणापूरच्या वाटेवर कशी पोचते ते मला कळत नाही.

सोमवारी तुला पत्र लिहिताना हे सगळं लिहिता आलं असतं. लिहिलं नाही. आकडा डोक्यात होता.

आज सकाळी शेठला फोन करून नको म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "मंग काय तिथं गंजवनार का?" मी म्हटलं, गंजणार नाही, तीन हात रंग दिला आहे. फट गॅसने भरून घासून टाकली. बोट फिरवलं तरी कळणार नाही. यंत्र वर्कशॉपच्या ओट्यावर ठेवलं आहे, येईल त्याने गोळी सोडावी आणि विचारावं. अर्धं तुझं आहे हे बरोबर आहे. मी पत्र्याचं वजन करून पाहिलं होतं, अर्ध्याहून जास्त तुझं भरतं.

आत काय आहे, हे विचारलंस. मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. गणित सांगतं की सगळं एका बिंदूत जातं, आणि तिथे गणितच मोडतं, म्हणजे गणित तिथे बरोबर नाही एवढंच कळतं. बाहेरून त्याचं वजन मोजता येतं, फिरण्याचा वेग मोजता येतो. आत गेलं ते काय होतं, लोखंड की ज्वारी, हे बाहेरून सांगता येत नाही. यावर तुझं काय म्हणणं आहे ते मला पाहिजे. माशाचं तुलाच सुचलं होतं.

पाडव्याला मी आणायला येऊ, की तू बन्सीबरोबर येतेस? की येत नाहीस? मी विचारतो आहे. जे असेल ते कळव, मी फोन केला तरी मधे बोलणार नाही.

तुझा,
बजरंग

ता. क. आकडा. यंत्राचे एक लाख ऐंशी हजार, रोख, शनी अमावास्येच्या आदल्या दिवशी. ते मी नाकारले. त्याशिवाय वर्षभराचा करार होता, काळा सदरा त्याच्याकडून, जेवण त्याच्याकडून. तोही नाकारला. मी त्याच्या यंत्राशेजारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत उभं राहायचं आणि कुणी काहीही विचारलं तरी एक शब्द बोलायचा नाही, याचे महिन्याला पंचवीस हजार रुपये.